टेलिहँडलर: तीन टन म्हणजे नेमके कुठे तीन टन?

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न टेलिहँडलरचे आहेत. पुढचा बूम, म्हणजे भार उचलणारा हात, दुर्बिणीसारखा लांब होणारा हा फोर्कलिफ्ट. जेसीबीनं १९७७ मध्ये 'लोडऑल' या नावानं तो बाजारात आणला, आणि आता आपल्याकडच्या इमारतींच्या आणि शेडच्या कामांवरही तो भाड्यानं येऊ लागला आहे. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसली. मशीनच्या अंगावर लिहिलेला आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण कुठल्या उंचीवर आणि किती पुढे किती वजन चालेल ते सांगणारा केबिनमधला भार-तक्ता कुणी उघडत नाही. म्हणून पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : राजारामपुरीत पार्किंग अधिक तीन मजल्यांचं काम सुरू आहे. ५३०-७० हा टेलिहँडलर भाड्यानं मिळतोय. मालक म्हणतो, तीन टनांचं मशीन आहे, एएसी ब्लॉक (हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे) थेट वरच्या स्लॅबवर ठेवून देईल. तिसऱ्या मजल्यापर्यंत चालेल का? (एक ठेकेदार, कोल्हापूर)

तिसऱ्या मजल्यापर्यंत नाही चालणार. दुसऱ्याचंही आधी मोजून बघावं लागेल.

हे जेसीबीचं मॉडेल, आणि या कंपनीच्या मॉडेल-क्रमांकातच दोन आकडे असतात. ५३० मधले ३० म्हणजे ३.० टन आणि ७० म्हणजे ७.० मीटर. हे दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकाच वेळी नाहीत. तीन टन उचलतो तो बूम पूर्ण आत असताना, भार पुढच्या चाकांजवळ असताना. सात मीटर उंचीवर किंवा बूम पूर्ण पुढे काढल्यावर क्षमता बरीच उतरते. भरलेली घागर कमरेला धरून चालता येतं, तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. इथे खांद्याऐवजी मागची चाकं उचलतात, एवढाच फरक.

आता तुमची उंची. पार्किंगचा स्लॅब साधारण ३ मीटरवर धरला, तर दुसऱ्या मजल्याची जमीन ६ मीटरवर आणि तिसऱ्याची ९ मीटरवर येते. पॅलेट स्लॅबच्या कडेवरून आत न्यायचं तर फोर्क (पॅलेटखाली घालायचे दोन दाते) त्या मजल्याच्या जमिनीहून किमान ३० सेंटीमीटर वर हवेत. कडेला बीमच्या फळ्या किंवा कॉलमच्या सळ्या उभ्या असतील तर आणखी वर. म्हणजे दुसऱ्या मजल्याला उंची पुरते. प्रश्न पोचेचा आहे. इतक्या उंचीवर बूम जवळजवळ उभा असतो, त्यामुळे पुढची पोच फार कमी उरते. इमारतीला परांची असेल, बाल्कनी बाहेर आली असेल, तर चाकं भिंतीपासून लांब थांबतात आणि पॅलेट स्लॅबच्या कडेवरच अडकतं. तिसऱ्या मजल्यासाठी किमान ११ मीटरच्या वर्गातलं मशीन बघा, आणि त्याचाही तक्ता हातात घेऊनच भाडं ठरवा.

तक्ता वाचायची रीत सांगतो. आडव्या रेषेवर पुढची पोच असते, ती पुढच्या टायरच्या पुढच्या कडेपासून मोजतात. काही तक्त्यांत जॅकच्या (मशीन स्थिर ठेवायला पुढे टेकवायच्या आधाराच्या) पायापासून मोजतात, तळाशी लिहिलेलं असतं. उभ्या रेषेवर उंची. मध्ये कमानीसारखे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यात किलोचा आकडा. जागेवर टेपनं टायरपासून भार जिथे ठेवायचा त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. उंची मोजा. दोन्ही जिथे मिळतात तो पट्टा बघा. बिंदू दोन पट्ट्यांच्या सीमेवर आला तर कमी आकडा धरायचा. बूमच्या अंगावर ए, बी, सी अशी अक्षरं रंगवलेली असतात, ती बूम किती बाहेर आहे ते ऑपरेटरला दाखवतात. तक्त्यातही तीच अक्षरं असतात. जॅकसह आणि जॅकविना असे दोन तक्ते असतील तर ते वेगळे वाचायचे. फोर्कऐवजी बकेट, जिब (हुक टांगायचा जोड-हात) किंवा हुक लावला की त्याचा तक्ता पुन्हा वेगळा.

आणखी एक अट तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते, भाराचा मध्य. बहुतेक तक्ते भाराचा मध्य फोर्कच्या टाचेपासून (जिथे तो काटकोनात वळतो तिथून) ५०० किंवा ६०० मिलिमीटरवर आहे असं धरून केलेले असतात. तुमचं पॅलेट लांब असेल, किंवा टाचेला न टेकता टोकाकडे सरकलेलं असेल, तर तेवढी पोच वाढलीच म्हणून समजा.

वजनाचं बघू. ६०० × २०० × १५० मिलिमीटरचा एएसी ब्लॉक ०.०१८ घनमीटरचा होतो. कोरडा असला तर १० ते १२ किलो भरतो, पावसात भिजून आला तर १४ किलोही. ६० ब्लॉकचं पॅलेट म्हणजे कोरडं ७०० किलोच्या आसपास आणि भिजलेलं ८५० किलो. भाजक्या विटा ३ किलोच्या धरल्या तर ५०० विटांचे दीड टन. सिमेंटची ४० पोती म्हणजे दोन टन. अर्ध्या घनमीटरच्या बकेटमधलं काँक्रीट १२०० किलो, आणि बकेटचं स्वतःचं वजन त्यात मिळवायचं.

हे सगळं जमलं तरी वरचा स्लॅब राहतोच, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. घराच्या खोल्यांचा स्लॅब आयएस ८७५ भाग २ नुसार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो चलभार (माणसं आणि सामान यांचा भार) धरून काढतात. १.२ × १ मीटरच्या पॅलेटवर ७३० किलो ठेवले तर चौरस मीटरला ६०० किलो झाले, तिप्पट. दीड टन विटा ठेवल्या तर सहापट. म्हणून पॅलेट स्लॅबच्या मध्यावर किंवा बाल्कनीच्या टोकावर ठेवायचं नाही. कॉलमजवळच्या बीमवर ठेवा, खालचे प्रॉप (टेकूचे खांब) काढलेले नसावेत, आणि पॅलेट उतरलं की गड्यांनी लगेच ब्लॉक पांगवावेत. दुसरं पॅलेट पहिल्यावर रचून जेवायला गेले, असं होऊ देऊ नका. रचनाकाराला एकदा विचारून बीमवर खडूनं खुणा करून घेतल्या की रोजचा वाद मिटतो.

शेवटी बूम चालवायचा क्रम. वर जाताना बूम आत ठेवून आधी उचलायचा, मग पुढे काढायचा. परतताना आधी आत घ्यायचा, मग खाली आणायचा. उलटं केलं की काय होतं ते आकड्यांत बघा. बूम १० मीटर बाहेर आहे आणि ६० अंशांवर उभा आहे, तर बुडापासून टोकाचं आडवं अंतर ५ मीटर. तसाच बाहेर ठेवून ३० अंशांवर आणला की ते ८.६६ मीटर होतं. भार तोच, पण उलटवणारा जोर पाऊणपट वाढला. भार खाली येतोय म्हणजे धोका कमी होतोय असं वाटतं, आणि मशीन नेमकं तेव्हाच नाकावर येतं.

प्रश्न : शिरोळ भागात काळ्या मातीत काम आहे. जॅक लावूनही मशीन हळूहळू एका बाजूला कलतं. ऑपरेटर म्हणतो जॅकचा सिलिंडर गळतोय. खरं कारण काय असावं? (एक साइट सुपरवायझर)

सिलिंडर तपासायला सोपा आहे. त्याच्या दांड्यावर खडूची रेघ मारा आणि पंधरा मिनिटांनी बघा. रेघ जागेवर असेल तर सिलिंडर ठीक आहे, खाली जमीन बसते आहे. तुमच्या भागात बहुधा हेच निघेल.

पुढे भार घेतला की मशीनचं आणि भाराचं बहुतेक वजन पुढच्या दोन जॅकवर येतं. एका जॅकवर ६ टन आले आणि त्याचा पाया ३० × ४० सेंटीमीटरचा असेल, तर चौरस मीटरला ५० टन दाब झाला. ओली काळी माती त्याच्या जवळपासही टिकत नाही. तोच भार १ × १ मीटरच्या फळीवर पसरला तर ६ टन होतो. ती फळी कडक मात्र हवी. ८–१० मिलिमीटरची पत्र्याची प्लेट मध्ये दबून कडेनं वर उचलते, मग पसरलेलं क्षेत्र कागदावरच राहतं. २० मिलिमीटरची लोखंडी प्लेट चालते. ती १५७ किलोची असते, त्यामुळे हातानं हलवायच्या भानगडीत न पडता मशीनच्याच फोर्कवर न्या. जाड लाकडी स्लीपर एकमेकांना बोल्टनं बांधून केलेली चटईही चालते. त्याखाली डबर सोलिंग आणि वर १५० ते २०० मिलिमीटर मुरूम रोलरनं दाबून घेतला, तर पावसाळ्यातही उभं राहायला जागा होते. नुसता मुरूम चिखलावर ओतला तर दोन दिवसांत तो चिखलातच मिसळतो.

जॅक कुठे पडतो हेही बघा. इमारतीच्या कडेनं पायाची चर खणलेली असते आणि ती सैल मातीनं भरलेली असते. टेलिहँडलर भिंतीजवळ यायला बघतो आणि त्याचा एक जॅक बरोबर त्या भरावावर उतरतो, दुसरा मूळ जमिनीवर. तुमचं मशीन एकाच बाजूला कलतं, यावरून आम्हाला हाच संशय आहे. सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, गटाराची झाकणं यांवर जॅक नको. उघड्या खड्ड्याच्या कडेपासून खड्डा जितका खोल तितकं अंतर ठेवा, माती ओली असेल तर त्याहून जास्त.

कल किती महाग पडतो ते मोजता येतं. दोन्ही चाकांतलं अंतर २ मीटर आणि एक बाजू ४ सेंटीमीटरनं खाली, म्हणजे सव्वा अंशाहूनही कमी कल. १४ मीटर उंचीवरचा भार तेवढ्यानं २८ सेंटीमीटर बाजूला जातो. कल ३ अंश झाला तर ७३ सेंटीमीटर. एका टायरमध्ये हवा कमी असली तरी जॅकविना काम करताना हेच होतं, म्हणून सकाळी हवेचा दाब बघायचा असतो. आणि केबिनमधले हिरवे-पिवळे-लाल दिवे यावर विसंबू नका. सर्वसाधारणपणे ते मागच्या अॅक्सलवरचा भार मोजून पुढे उलटण्याची सूचना देतात. बाजूला उलटण्याबद्दल ते गप्प असतात.

क्रम असा ठेवा. जागा निवडायची, बूम खाली असतानाच चॅसी समपातळीत आणायची, जॅक टेकवायचे, पाणपातळीचा बुडबुडा मध्यावर आहे का बघायचं. पहिला भार वर नेऊन परत आणल्यावर खाली उतरून जॅकचे पाय पुन्हा बघायचे, कारण जमीन पहिल्या दाबालाच बसते. भार वर असताना मशीन कललं तर चॅसी किंवा जॅक हलवून सरळ करायला जायचं नाही. सावकाश बूम आत घ्यायचा आणि मग खाली आणायचा.

प्रश्न : गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शेडचं काम घेतलं आहे. आजवर हायड्रा (भार उचलून चालणारी छोटी क्रेन) वापरली. टेलिहँडलर घेतला तर हायड्रा लागणार नाही का?

लागेल. दोघांची कामं वेगळी आहेत. कॉलम उभा करणं, राफ्टर दोन पट्ट्यांवर उचलून बोल्ट बसेपर्यंत धरून ठेवणं, हे हुकाचं काम आहे आणि वजन मोठं असेल तर क्रेनचंच. टेलिहँडलर कामाला येतो तो पर्लिनचे (छपराच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांचे) गठ्ठे, पत्र्यांचे बंडल, बोल्टच्या पेट्या, जाळ्या, ब्लॉक ट्रकमधून उतरवून थेट जागेवर नेण्यासाठी. भार फोर्कवर बसलेला असतो, लोंबकळत नाही. आणि वर छप्पर किंवा स्लॅब असेल त्याच्या खालून भार आत सरकवता येतो. हुकाला ते जमत नाही, कारण दोराला वरून मोकळी जागा लागते.

शेडमध्ये आणखी एक सोय म्हणजे स्टिअरिंगच्या तीन पद्धती. रस्त्यावर पुढची दोन चाकं, अरुंद जागेत चारही चाकं, आणि खेकड्यासारखं तिरकं सरकायचं असेल तर चारही एकाच दिशेला. पद्धत बदलण्याआधी चाकं सरळ करून घ्या, नाहीतर मागची चाकं तिरकी राहतात आणि मागचा भाग भिंतीला घासतो. पत्र्याचं बंडल वर नेताना वारा बघा. पत्रा हलका असतो, पण त्याचं क्षेत्रफळ मोठं. आषाढातल्या वाऱ्यात ते काम न केलेलंच बरं.

प्रश्न : १२ मीटरच्या सळ्या फोर्कवर आडव्या ठेवून दुसऱ्या मजल्यावर चढवतो. टोकं खूप झोकतात. उपाय?

उपाय म्हणजे फोर्कवर आडव्या ठेवायच्या नाहीत. दोन फोर्कमधलं अंतर जेमतेम एक-सव्वा मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-साडेपाच मीटर सळी हवेत. मशीन थांबलं की टोकं झोके घेतात आणि गठ्ठा फोर्कवरून घसरतो.

आधी वजन काढा. सळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा आणि १६२ नं भागा, मीटरला किती किलो ते मिळतं. १२ मिलिमीटरची सळी मीटरला ०.८९ किलो, १२ मीटरची एक सळी १०.७ किलो, शंभरांचा गठ्ठा १ टन ७० किलो. १६ मिलिमीटरची एक सळी १९ किलोची.

मशीनला हुकाचा जिब लावा, त्याखाली आडवी तुळई, आणि तुळईच्या दोन टोकांना पट्टे. पट्टे सळीच्या प्रत्येक टोकापासून सुमारे २.५ मीटर आत घ्या, तिथे मधला झोळ आणि टोकांचा झोळ सारखा राहतो. पट्टा गठ्ठ्याभोवती दोन वेढे देऊन आवळा, नुसता खालून घेतला तर मधल्या सळ्या निसटतात. जिब, तुळई, पट्टे यांचं वजन क्षमतेतून वजा करायचं. टोकाला दोर बांधून एक गडी बाजूनं धरेल, गठ्ठ्याखाली कुणी नाही. भार घेऊन चालताना गठ्ठा जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर आणि वेग माणसाच्या चालीचा.

जिब बदलताना पुढच्या झटपट जोडणीची पिन दोन्ही बाजूंनी पूर्ण बसली का, हे खाली उतरून डोळ्यांनी बघा. केबिनमधून ती बसल्यासारखी दिसते. बरेच फोरमन सळ्या आणि रिंगा खालीच कापून, वाकवून, लहान गठ्ठे करून वर पाठवतात. आम्हालाही तेच जास्त पटतं.

प्रश्न : पॅलेटला कठडा लावून त्यात दोन गवंडी उभे करून बाहेरचं प्लास्टर केलं तर?

करू नका. माणसांसाठी कंपनीची वेगळी टोपली असते. ती मशीनला पिननं जोडलेली असते, बूमचे नियंत्रण टोपलीत असते, आणि कल जास्त झाला तर हालचाल आपोआप थांबते. तुमच्या पॅलेटला यातलं काहीच नाही. फोर्क जरा पुढे झुकले की पॅलेट सरकेल.

प्रश्न : बूम बाहेर काढताना थरथरतो, आणि भार धरून ठेवला की थोडा थोडा खाली येतो. वर्कशॉपवाले थेट सगळी सील किट बदला म्हणतात. (एक मशीन-मालक, इचलकरंजी)

ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच किटनं जाणार नाहीत.

थरथर सहसा बूमच्या आतल्या पॅडची असते. बूमचा एक भाग दुसऱ्यात नायलॉनसारख्या घट्ट पॅडवर सरकतो. पॅडच्या वाटेवर ग्रीस नसेल, किंवा धूळ आणि सिमेंट बसून खरखर झाली असेल, तर तो अडकत-सुटत पुढे जातो. बूम पूर्ण बाहेर काढा, जमिनीला समांतर ठेवा, जुनं ग्रीस पुसून काढा, पॅडच्या पट्ट्यावर नवं लावा, चार-पाच वेळा आत-बाहेर करा. तरीही थरथरला तर पॅड आणि बूम यांमधली फट मोजा. ती मिलिमीटरमध्ये असते, नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो, आणि पॅडमागे पातळ शिम घालून ती भरता येते. पॅड खूप झिजला तर त्याचे बोल्ट बूमच्या पत्र्याला ओरखडे पाडतात, आणि मग खर्च पॅडचा राहत नाही. बूम साखळीनं चालणारा असेल तर साखळीचा ताणही बघा. साखळी मूळ लांबीच्या ३ टक्के ताणली की बदलायची.

खाली येण्याचं पहिलं कारण गळती नसतंच, तेल थंड होणं असतं. तापलेलं तेल ३० अंशांनी निवलं तर त्याचं आकारमान सुमारे २ टक्के घटतं. दोन मीटर बाहेर आलेला सिलिंडर त्यानं चारेक सेंटीमीटर आत येऊ शकतो. दुपारी काम थांबवून भार वरच ठेवला की हे दिसतं. म्हणून तपासणी तेल एकसारखं तापलेलं असताना करा. हलका भार घ्या, बूम फार वर नको, खाली कुणी नको. उचलण्याच्या, लांबवण्याच्या आणि फोर्क झुकवण्याच्या सिलिंडरच्या दांड्यांवर खडूच्या रेघा मारा, इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा. जी रेघ सरकली तो सिलिंडर दोषी. बूम जागेवर पण फोर्क झुकतात, असं दिसलं तर फोर्क सपाट ठेवणाऱ्या सिलिंडरकडे बघा.

दोषी सापडल्यावरही आधी त्याच्या अंगावरचा चेक व्हॉल्व्ह बघा. होज फुटली तरी बूम कोसळू नये म्हणून तो असतो. त्यात घाण अडकली की तो पूर्ण बंद होत नाही, आणि सील चांगले असूनही बूम उतरतो. भार असताना हा व्हॉल्व्ह सैल करायचा नाही, बूम क्षणात खाली येतो. बूम टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन-तीनदा हलवून दाब घालवल्यावरच पाना लावा. तेलाचा दाब २०० बारच्या वर असतो. बारीक गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. तेलाची धार कातडीत घुसली तर जखम टाचणीएवढी दिसते, पण त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावं लागतं.

उद्यमनगरात सिलिंडर उघडून होन करून (आतून घासून गुळगुळीत करून) देणारे कारागीर चांगले आहेत. त्यांच्याकडे नेताना कुठला सिलिंडर आणि कुठल्या तपासणीत सरकला, हे लिहून द्या. फोर्कची टाचही मोजून घ्या. ती मूळ जाडीच्या १० टक्के झिजली तर ताकद २० टक्के घटलेली असते. तो फोर्क बदलायचा, वेल्डिंग करून भरायचा नाही.

प्रश्न : साइटवरून महावितरणची ११ केव्हीची तार गेली आहे. किती अंतर ठेवावं?

बूम पूर्ण बाहेर काढून जिथवर पोचेल त्या टोकापासून तारेपर्यंत किमान ६ मीटर मोकळे राहतील अशी मशीनची जागा ठरवा आणि जमिनीवर बांबू-फितीची सीमा आखा. तेवढी जागा नसेल तर महावितरणला अर्ज करून काम होईपर्यंत पुरवठा बंद ठेवून घ्या. तारेला स्पर्श झालाच तर ऑपरेटरनं केबिनमध्येच बसून राहायचं आणि इतरांनी मशीनला हात लावायचा नाही. आग लागली म्हणून उतरावंच लागलं, तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची. एक हात मशीनवर आणि एक पाय जमिनीवर, असं व्हायला नको.

प्रश्न : कोल्हापुरातून कागलला रस्त्यानं चालवत नेता येईल का?

आरटीओकडे बांधकाम-वाहन म्हणून नोंदणी, विमा आणि ऑपरेटरकडे त्या वर्गाचा परवाना असेल तर येईल. बूम पूर्ण आत आणि खाली, फोर्क काढलेले किंवा दुमडलेले, स्टिअरिंग पुढच्या दोन चाकांवर, चॅसी सरळ. पण महामार्गावर अवजड वाहनांच्या रांगेत हे मशीन फार हळू चालतं आणि त्याचे टायरही त्यासाठी केलेले नसतात. ट्रेलरवर नेणं सरळ पडतं. ट्रेलरवर चढवल्यावर फोर्क ट्रेलरच्या फळीवर टेकवा आणि साखळ्या मशीनच्या ठरलेल्या कड्यांनाच बांधा, बूमला नाही.